पाच-सहा तासांत संपणाऱ्या गेमला पूर्ण किंमत मोजावी का?

अंत्रुजकर
'व्हँक्विश' हा रोबोंशी लढायचा गोळीबाराचा गेम 2010 साली आला. बनवला प्लॅटिनमगेम्सने, दिग्दर्शन शिंजी मिकामींचं, काढला सेगाने. पहिल्या खेपेला पाच-सहा तासांत संपतो, मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांबरोबर खेळणं, नाहीच. तरी अमेरिकेत किंमत इतर मोठ्या गेमएवढीच, 60 डॉलर. "एवढ्याशा गेमला एवढे पैसे?" ही ओरड तेव्हापासून आहे आणि परवा आमच्या फोंड्याच्या मित्रमंडळीत हाच वाद परत पेटला. माझं मत सरळ आहे. तो गेम पूर्ण किमतीच्या लायकीचा होता आणि तसा गेम आज आला तर मी पुन्हा तेवढे पैसे देईन.

कारण त्यातला रॉकेटवाला चिलखती सूट. तो घातलेला नायक सॅम गिडियन गुडघ्यांवर बसतो, रॉकेट पेटतं आणि तो जमिनीला घासत शत्रूच्या गोटात शिरतो. मध्येच वेळ मंद करायची, रोबोच्या डोक्यावर नेम धरायचा, परत घसरत बाहेर. पण घसरणं, वेळ मंदावणं, ठोसा मारणं, हे सगळं सूटच्या ऊर्जेच्या एकाच मीटरवर चालतं. ठोसा मारला की तो एका झटक्यात रिकामा. मीटर संपला की सूट तापतो आणि तो थंड होईपर्यंत तुम्ही भर मैदानात उघडे. त्यामुळे दर चार-पाच सेकंदांनी हिशोब करावा लागतो: आता पुढे जाऊ की आडोसा धरू? 2006 च्या 'गिअर्स ऑफ वॉर'नंतर भिंतीआड बसून गोळ्या झाडणारे गेम ढिगाने आले. त्या गर्दीत याने खेळाडूला भिंतीआडून बाहेर ओढलं. आणि बारकावा बघा, आडोशाला सॅम सिगारेट ओढू शकतो, ती फेकली की रोबोंचं लक्ष तिकडे जातं. इतका विचार करून बनवलेल्या गेमचे तास कसले मोजता?

वाळवंटीकाठ
दादा, सूट भारी आहे, मान्य. पण 60 डॉलर हा आकडा तिकडच्या पगाराला धरून ठरतो. आपल्याकडे आज पीएस5 चा मोठा नवा गेम 4,999 रुपयांच्या आसपास पडतो. मी कुंडईला ट्रेनी आहे. साखळीहून रोज ये-जा, त्या पैशांत माझं महिन्याचं पेट्रोल भागून वर उरतात. शनिवारी सुरू केलेला गेम रविवारी जेवणाआधी संपला तर मी घरी काय सांगू?

शिवाय सहा तासांतसुद्धा सगळं नवं नाही. आर्गस हा अजस्र रोबो सुरुवातीलाच पाडतो आपण, तो पुढे परत येतोच. आणि कथा? खलनायक झायत्सेव्ह निसटतो, गेम संपतो. दुसरा भाग आजतागायत नाही. पूर्ण किंमत घेतली तर शेवट तरी पूर्ण द्या.

पेडणेकरीण
मी अंत्रुजकरांच्या बाजूने. मी वेर्ण्याला शिफ्टमध्ये आहे. घरी आल्यावर हातात तास-दीड तास, तोही वीज असली तर. साठ तासांचे ओपन वर्ल्ड, म्हणजे मोठ्या नकाशावर मोकळं फिरायचे गेम मी अर्धवट टाकलेत, कारण त्यातले निम्मे तास नकाशावरची चिन्हं पुसण्यात जातात. आमच्याकडे दशावतार रात्रभर चालतो आणि कला अकादमीतलं नाटक दोन-अडीच तासांत आटोपतं, म्हणून कुणी नाटकाचं तिकीट तासांनी भागत नाही.

'टायटनफॉल 2' (2016) बघा. स्टोरी मोड सहा तासांच्या आसपास. त्यातल्या एका मिशनमध्ये मनगटावर यंत्र मिळतं, बटण दाबलं की त्याच इमारतीच्या भूतकाळात. आत्ता आग लागलेला पडका कॉरिडॉर, दाबलं की चकचकीत आणि पहारेकऱ्यांनी भरलेला. भिंतीवरून धावता धावता हवेतच काळ बदलायचा! आणि ते यंत्र त्या मिशनपुरतंच. दुसऱ्या कुणी एवढ्या कल्पनेवर वीस तास ताणले असते.

वाळवंटीकाठ
ताई, उदाहरण चुकीच्या बाजूचं आहे. 'टायटनफॉल 2'ला मल्टिप्लेअर होतं, पुढचे नकाशेही फुकट दिले. लोकांनी त्यात शेकडो तास घातले. तिथे पूर्ण किंमत मलाही चालते. प्रश्न फक्त एकट्याने खेळून संपणाऱ्या गेमचा आहे.

मडगाववाला
एक व्यवहाराची गोष्ट कुणी बोलत नाही. डिस्क असेल तर छोटा गेम परवडतो. आठवड्यात संपवा, बाजारात तो गाजत असतानाच विका, बरेच पैसे परत. डिजिटल घेतला की तो रस्ता बंद. प्लेस्टेशन स्टोअरवर डाउनलोड सुरू केलं की सहसा रिफंड नाही. स्टीम या पीसी गेमच्या दुकानात 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर मिळतो.

त्याचीही दुसरी बाजू आहे. 2021 मध्ये 'समर ऑफ '58' हा दोन तासांहून छोटा भयगेम लोकांनी पूर्ण खेळून रिफंड घेतला आणि त्याच्या निर्मात्याने आपण गेम बनवणं थांबवतोय असं जाहीर केलं. छोट्या गेमला असं वागवणं मला पटत नाही.

बाकी 'व्हँक्विश'बद्दल म्हणाल तर 2017 ला पीसीवर आला तेव्हा सेगानेच 20 डॉलर लावले.

अंत्रुजकर
@मडगाववाला ते सात वर्षांनंतर पीसीसाठी केलेलं पोर्ट, नवा गेम नव्हे. जुन्या गेमची किंमत उतरतेच, साठ तासांच्याही उतरते.

@वाळवंटीकाठ शेवट अर्धवट आहे, तिथे तुझं बरोबर. पण पुन्हा खेळण्याला तू कमी लेखतोस. पहिल्यांदा आपण फक्त जीव वाचवतो, खेळायला शिकतो दुसऱ्यांदा. गॉड हार्ड या सगळ्यात कठीण पातळीवर तर तीच खोली वेगळी होते, चुकीला जागाच नाही. कथेबाहेरच्या लढाया, टॅक्टिकल चॅलेंजेस, आहेत सहा, त्यातलं शेवटचं करून दाखव आणि मग बोल सहा तास. माझी खरी भीती वेगळी आहे. आपण तासच मोजत राहिलो तर स्टुडिओ तासच विकतील. इथून तिथे निरोप पोचव, दहा कोल्हे मार, पन्नास पिसं गोळा कर.

वाळवंटीकाठ
दादा, ती भीती मलाही आहे. कोल्हे मारायची मला हौस नाही. पण त्याचा भार पहिल्या दिवशी 4,999 मोजणाऱ्याने का उचलावा? छोटा गेम बनवा, आणि भारतात किंमत 2,000 च्या आत ठेवा. मग मी सेलची वाट बघणार नाही, पहिल्याच दिवशी घेईन, आणि गॉड हार्डसुद्धा करून दाखवीन.