बगळे चक्रात, साल हबवर

आजोबांची सायकल रॅले की हर्क्युलस, असं तुम्ही विचारलंय; पुढचा बिल्ला गेलाय, पण चेनच्या मोठ्या चक्रात पक्ष्यांची डोकी दिसतात. ते बगळे आहेत, म्हणजे चक्र तरी नक्की रॅलेचं. बीएसए या दुसऱ्या इंग्लिश कंपनीच्या चक्रात तीच तीन अक्षरं असतात, हंबर कंपनीच्या चक्रात माणसं. पण चक्र कुणीही बदलू शकतं, तेवढ्यावर थांबू नका. मिस्त्रीकडून बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस फिरतो तो भाग, उघडून घ्या. जुन्या रॅलेला इंचाला २६ आटे असतात, बाकीच्या बहुतेक इंग्लिश सायकलींना २४. हा पुरावा मला सगळ्यात भरवशाचा वाटतो.

वयासाठी मागचं हब, म्हणजे मागच्या चाकाचा मधला भाग, बघा. तीन गिअरचं, स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीचं असेल तर रॉकेलच्या फडक्याने हळूच पुसा. 'एडब्ल्यू' या मॉडेलच्या अक्षरांजवळ ५२ ३ असं कोरलेलं असलं तर हब मार्च १९५२ चं. चाक मूळचंच असेल तर सायकलही साधारण त्याच सुमाराची.

आणखी एक. रॅले म्हणजे इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यातलीच असं नाही. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता. सुट्या भागांवर कुठे 'इंग्लंड' कोरलंय का, ते एकेक करून तपासा. नगरपालिकेचा सायकल-कराचा जुना बिल्ला घरात सापडला तर त्यावरचं सालही कळवा.

तोवर कृपा करून नवा रंग देऊ नका! काळ्या थराखाली मूळ सोनेरी रेघा आणि नाव शिल्लक असण्याची शक्यता असते. हबचा आणि चिमट्याचा (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा) जवळून फोटो टाका, पुढचं बघू.