एक गाणं संपलं की डोक्यात पुढचं सुरू : ‘ग्रेटेस्ट हिट्स’चे अनुभव

झुळूक
काल लिफ्टमध्ये कुणाच्या तरी फोनवर क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’ वाजत होतं. ते संपलं आणि माझ्या डोक्यात ‘सेव्ह मी’चा पियानो आपोआप सुरू झाला. फोनवर मात्र जाहिरात. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं वाटावं आणि नसावी, तसा पाय आपटला.

ही क्वीनच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या संकलनाची करणी, त्यात ही दोन गाणी लागोपाठ आहेत. १९८१ चा अल्बम, १७ गाणी. आमच्याकडची प्रत दादाने मित्राच्या कॅसेटवरून भरून घेतलेली. एकेक बाजू २९ मिनिटांची, म्हणजे साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर जेमतेम मावणारी. प्ले आणि रेकॉर्ड दोन बोटांनी एकदम दाबायचं, आणि तेवढा वेळ मी खोलीत शिंकायचंसुद्धा नाही अशी तंबी. पुढे ‘किलर क्वीन’पाशी टेप गुंतली. पेन्सिल घालून गुंडाळली, पण त्या जागी गायक फ्रेडी मर्क्युरीचा आवाज पाण्याखाली जाऊन वर यायचा. आता स्वच्छ ऐकलं की तिथेच काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

आणि शेवट! ‘वी आर द चॅम्पियन्स’मधलं अगदी शेवटचं ‘ऑफ द वर्ल्ड’ दादाने कापलं. बटण उशिरा दाबलं असणार, टेप पुरली नाही. त्यावरून मी त्याला अजून बोलते.

तुमचेही अनुभव येऊ द्या. बँड कुठलाही चालेल.

काडेपेटी
ईगल्स. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हवं होतं म्हणून खास त्यांचं हिट्सचं संकलन घेतलं. दोन्ही बाजू ऐकल्या, परत ऐकल्या, नाहीच! ते संकलन फेब्रुवारी १९७६ चं आणि ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ त्याच वर्षी डिसेंबरात आलेलं, हे कळायला दहा वर्षं गेली. नाइलाजाने जे होतं ते ऐकत राहिलो. आता तेच जास्त आवडतं.

जुनाटसूर
स्पष्ट बोलतो, राग नसावा. संकलनं ऐकणारे म्हणजे पुस्तकाच्या मागचा मजकूर वाचून पुस्तक वाचलं म्हणणारे. मूळ अल्बम ऐका.

खोडरबर
आले! तुमचीच वाट पाहत होतो.

मधुरा_मोबाइलवरून
@जुनाटसूर मूळ अल्बम ऐकले हो. क्वीनच्या ‘जॅझ’ (१९७८) मध्ये ‘फॅट बॉटम्ड गर्ल्स’ संपता संपेना, मला वाटलं प्लेअर बिघडला. संकलनात काटछाट केलेलं आहे हे माहीतच नव्हतं. आता काय करू, मला काटछाट केलेलंच खरं वाटतं.
बाकीचं नंतर लिहिते, बाळ उठलं.

काडेपेटी
बाळाला ते गाणं ऐकवू नका, नावाचा अर्थ विचारेल 😄 लहान मुलांच्या ऑडिओ प्लेअरसाठी २०२३ मध्ये ‘ग्रेटेस्ट हिट्स’ काढला तेव्हा नेमकं तेच गाळलं होतं.

ड्रमवाला
माझं जुनं दुखणं मांडतो. १७ गाण्यांपैकी फ्रेडीची १०, ब्रायन मेची ५, जॉन डीकनची २. ड्रमर रॉजर टेलर? शून्य. ‘रेडिओ गा गा’, ‘अ काइंड ऑफ मॅजिक’ लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्या भागाची, म्हणजे १९९१ ची वाट पाहावी लागली. मी स्वतः वाजवतो. आमच्या बँडच्या प्रत्येक फोटोत माझा एक कान आणि कुणाचा तरी खांदा असतो.

खोडरबर
रॉजरसाठी रडू नका. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या सिंगलच्या मागच्या बाजूला त्याचं मोटारीवरचं गाणं होतं. लोकांनी रेकॉर्ड घेतली पुढच्या बाजूसाठी, पण मागच्या बाजूचे पैसेही तेवढेच.

ड्रमवाला
हे आमच्या गायकाला दाखवतो.

सांजवेळ
दुसऱ्या भागाचा विषय निघाला म्हणून. तो आला २८ ऑक्टोबर १९९१ ला आणि २४ नोव्हेंबरला फ्रेडी गेला. त्यातलं सोळावं गाणं ‘द शो मस्ट गो ऑन’. त्या दिवसांत बाबा अंथरुणाला खिळलेले होते, मी हेडफोन लावून त्यांच्या उशाशी बसायचे. सोळा गाणी ऐकायची आणि बंद करायचं. अजून तसंच करते.

झुळूक
@सांजवेळ 🙏 काही लिहिता येत नाहीये.

निवांत
फ्रेडी पाचगणीला शाळेत होता हे कुणीच कसं लिहिलं नाही?

खोडरबर
पाचगणी आली. आता धागा अधिकृत झाला.

निवांत
हसा. पण शाळेतला त्यांचा ‘द हेक्टिक्स’ बँड होता त्यात तो पियानोवर होता, हे किती जणांना माहीत आहे?

जुनाटसूर
मला.

मधुरा_मोबाइलवरून
बाळ झोपलं. @झुळूक, दादाची माफी मागा. ‘वी आर द चॅम्पियन्स’ मुळातच तिथे थांबतं! स्टुडिओतल्या गाण्यात अगदी शेवटी ‘ऑफ द वर्ल्ड’ नाहीच. आधी येतं, शेवटच्या वेळी नाही. १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या मैफलीत फ्रेडीने शेवटी ते म्हटलं, आणि सगळ्यांच्या कानात तेच बसलं.

झुळूक
काय सांगताय!! थांबा, लावते.

जुनाटसूर
बरोबर आहे. मूळ अल्बम ऐकला असता तर कळलं असतं, पण असो.

काडेपेटी
आत्ता लावून पाहिलं. खरंच नाहीये. मी तर मनात म्हणतो ते, दर वेळी.

झुळूक
ऐकलं. नाहीये. तीस वर्षं बोलले मी त्या माणसाला. लगेच फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर तो थोडा वेळ गप्प, मग म्हणाला, “अगं, मलाही वाटायचं मीच कापलं. दुसऱ्यांदा भरायला कॅसेट परत मागायची लाज वाटली म्हणून बोललो नाही.”

ड्रमवाला
दादांना आमच्या बँडमध्ये घ्या. चूक नसताना गप्प बसणारा माणूस हवाच आहे.

निवांत
पाचगणीबद्दल आणखी एक सांगायचं होतं