पीसीओएस : भात, कुळीथ, कोकम यांत नेमकं काय बदलावं?

पेडवे
वय २६, उंची १५५ सेंमी, वजन ६८ किलो. पाळी ४५ ते ६० दिवसांनी. पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोन बिघडण्याचा त्रास) निघालंय, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन हे हार्मोन नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, गोळ्यांआधी वजन उतरवू. मालवणकडचं जेवण: सकाळी पेज, दोन्ही वेळा भात नि माशाची कढी, दुपारी अमृत कोकम. हार्मोन बॅलन्सची चूर्णं, सीड सायकलिंग (पाळीच्या दिवसांप्रमाणे बिया बदलून खाणं) असंही लोक सुचवतात. घरच्या घरी कशाने फरक पडेल?

तिरफळ
पीसीओएसमध्ये बहुतेकींच्या शरीरात इन्सुलिन वाढलेलं असतं. त्यामुळे अंडाशय पुरुषी हार्मोन जास्त बनवतं, बीज पिकत नाही आणि पाळी लांबते. म्हणून हात घालायचा तो इन्सुलिनला. वजन ५ टक्के, म्हणजे साडेतीन किलो, उतरलं तरी पुष्कळदा पाळी सुधारते.

भात सोडू नका, मोजा. शिजलेला एक वाटी, शक्यतो उकडा. आधी मासा आणि भाजी संपवायची, भात शेवटी. नुसती पेज पिऊन अकरालाच भूक लागते, तिच्यासोबत दोन अंडी किंवा कुळथाची उसळ हवी. इथे बरेच जण फसतात: कुळथाच्या पातळ पिठीत वाटीमागे जेमतेम दोन चमचे पीठ असतं, त्यातून प्रथिनं ती किती मिळणार! उसळीला माणशी ३० ग्रॅम कोरडे कुळीथ घ्या, साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं होतात. पेडवे, बांगडा हे मासे तिखल्यातले (दाट तिखट रश्श्यातले) खा, तळलेले क्वचित. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा कुळीथ, चवळी, अंडी वाढवा. सुक्या माशात मीठ फार.

नाचणीची भाकरी चांगली. सत्त्व मात्र गाळलेलं असतं, कोंडा गेलेला.

खळं
अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक, ते आधी बंद करा. आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा रस) पाण्यात घालून घ्या, पण आगळात मीठ असतं, वरून घालू नका.

जेवल्यावर लगेच १०-१५ मिनिटं चाला, पावसात पडवीत फेऱ्या मारा. आठवड्याला १५० मिनिटं व्हायला हवीत. शिवाय दोन दिवस उठाबशा, भिंतीला टेकून जोर. स्नायू साखर ओढून घेतात. हे नेहमी राहून जातं.

तिरफळ
सीड सायकलिंगला भक्कम पुरावा नाही. अळशी एक चमचा कुटून खा, अख्खी तशीच बाहेर पडते. घटक न लिहिलेली चूर्णं नकोतच. अश्वगंधाही मनाने घेऊ नका: तिने थायरॉइडचे आकडे हलतात, क्वचित यकृताला इजा होते, आणि गरोदरपणात ती चालत नाही.

खळं
एक राहिलं. पाळी ९० दिवस आली नाही तर काढे पीत थांबू नका. आधी गरोदरपणाची चाचणी करा, मग डॉक्टरांकडे जा. पाळी न येता गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, ते धोक्याचं. चेहऱ्यावर केस झपाट्याने वाढले किंवा आवाज घोगरा झाला, तर त्याच आठवड्यात दाखवा. बाकी तारखा लिहून ठेवा. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात.