कादंबरीकाराला समोर बसवल्यावर नेमकं काय विचारावं? (सोलापूर)

चाटीगल्लीवाचक

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापुरातली काही वाचणारी माणसं महिन्यातून एकदा जमतो, कुणी शिक्षक आहे, कुणी बँकेत, दोघीजणी एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटमधे अकाउंट्स बघतात. आता ठरवलंय की नुसतं पुस्तकावर बोलत बसण्यापेक्षा ज्यांनी कादंबरी लिहून छापून आणलीय अशा लेखकांनाच बोलवायचं, आधी आपल्या जिल्ह्यातले, मग जमेल तसे लातूर, धाराशिव, पुण्याकडचे. मुलाखत घ्यायचं काम माझ्याकडं आलंय.

मी हुतात्मा स्मृती मंदिरात, फडकुले सभागृहात बऱ्याच प्रकट मुलाखती ऐकल्यात आणि प्रश्न बहुतेक ठरलेलेच असतात, प्रेरणा कुठून मिळाली, आवडता लेखक कोण, नवोदितांना काय सांगाल. लेखकही मग ठरलेलं उत्तर देतो, त्याचा काय दोष. पण मला खरंच हे जाणून घ्यायचंय की नोकरी, घर, पोरांच्या परीक्षा सांभाळून माणूस तीनशे पानं लिहितो म्हणजे नक्की काय करतो, आणि लिहून झाल्यावर ती वही किंवा फाइल प्रेसपर्यंत कशी जाते.

आमच्यातल्या दोघांच्या कादंबऱ्या लिहून पडल्यात. एकाची गिरणीवर आहे, जुनी मिल बंद पडली त्या काळातली, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी अशा कुटुंबाची. दुसरीची 1930 मधे इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉवर, म्हणजे लष्करी कायद्यावर. दोघांनाही पुढं काय करायचं कळत नाहीये, म्हणून या गप्पा त्यांच्या कामाच्या व्हाव्यात असं मनापासून वाटतं. पैशाचं विचारलेलं चालतं का हो? आपल्याकडं लेखकाला पैशाचं विचारणं म्हणजे अपमान केल्यासारखं समजतात. इथं कुणी लेखक असाल तर सांगा, तुम्हाला आजवर कुणी विचारलं नाही पण विचारायला पाहिजे होतं असं काय आहे?

अकराशेप्रती

माझ्या दोन कादंबऱ्या आल्यात, जिल्ह्यातच राहतो, त्यामुळं तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. पहिली गोष्ट, पुस्तक हातात घेऊन बसा आणि एक पान उघडून विचारा. "हे एकशे बारावं पान, इथं सासरा काहीच न बोलता उठून जातो, हे पहिल्या खर्ड्यात असंच होतं का?" एवढं विचारलं की लेखक खुलतो, कारण ते त्याला आठवतंच. त्या पानावर तो कधी अडकला, काय खोडलं, कुणाचं ऐकून बदललं, सगळं बाहेर येतं. प्रेरणेचं उत्तर द्यायला त्याला आठवावं लागत नाही आणि म्हणूनच ते ऐकण्यात काही मिळत नाही.

दुसरं, काय काढून टाकलं ते विचारा. छापलेलं तर सगळ्यांना दिसतंय. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक कंडक्टर होता, चांगला चाळीस पानांचा, तो अख्खा गेला. निम्मं कारण वाङ्मयीन होतं, त्याच्यामुळं नायिकेची गोष्ट मागं पडत होती. निम्मं फॉर्म्याचं. डेमी, म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या आकारात, सोळा पानांचा एक फॉर्मा (एकत्र छापून घडी घातलेला गठ्ठा) असतो, पुस्तक फॉर्म्याच्या हिशोबानं बसवतात, दोनशे छप्पन पानं म्हणजे सोळा फॉर्मे आणि त्याच्यावर चार पानं जरी गेली तरी कागदाचा, बाइंडिंगचा सगळा हिशोब हलतो. हे वाचकाला माहीतच नसतं आणि लिहिणाऱ्यालाही आधी नसतं. लिहिताना याचा विचार अजिबात करू नये असं माझं ठाम मत आहे, पण पुस्तक घडतं कसं हे समजून घ्यायचं तर हे विचारलंच पाहिजे.

मार्शल लॉवाल्या ताईंसाठी सांगतो. इतिहासावर लिहिलेला लेखक आला तर त्याला अभ्यास किती केला हे विचारू नका, अभ्यास कुठं थांबवला ते विचारा. मे 1930 मधले आंदोलनाचे ते दिवस, मग लष्करी कायदा, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघांना फाशी, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, हे सोलापुरात शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. मग कादंबरी कशाची? त्या संध्याकाळी नव्या पेठेत एखाद्या दुकानदारानं फळ्या कधी लावल्या, घरात कोण कुणाशी बोलत नव्हतं, त्याची. हुतात्म्यांच्या तोंडी स्वतःची वाक्यं घालायची का नाही हा तर मोठा प्रश्न आहे, प्रत्येक लेखक वेगळं सांगेल आणि त्यासाठीच त्याला बोलवायचं.

पैशाचं नक्की विचारा, फक्त "किती मिळाले" असं नको. आवृत्ती किती प्रतींची, रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, किती टक्के आणि ती छापील किमतीवर का सवलत वजा जाऊन, हिशोबाचा कागद वर्षातून कधी येतो, आणि लेखकानं स्वतःचे पैसे घातले का. पूर्वी अकराशे प्रतींची आवृत्ती म्हणायचे, आता पाचशे, कधी त्याहून कमी. माझ्या पहिल्या पुस्तकाचा हिशोब मी मागेपर्यंत कुणी दिलाच नव्हता, आणि मागितल्यावर प्रकाशकानं व्यवस्थित कागद पाठवला, म्हणजे मागायचा असतो हेच कुणी सांगितलेलं नव्हतं. तुमच्या हॉलमधे बसलेल्या दोघांना हे ऐकायला मिळालं तर त्यांची काही वर्षं वाचतील.

पूर्वभाग

गिरणीवाल्या दादांची कादंबरी वाचायची लई इच्छा झाली. मी अशोक चौकाकडचा, आमच्या घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात थोडं कानडी, आणि दोस्तांत "काय करायलास बे" ही आपली सोलापुरी. माझी आज्जी विड्या वळायची, ती मराठी बोलताना मधेच तेलुगूत जायची आणि तिला ते कळायचंही नाही. आता हे कागदावर कसं आणायचं?

म्हणून माझा प्रश्न लिहून घ्या. ज्या लेखकाच्या घरची भाषा वेगळी आणि लिहायची मराठी, त्याला विचारा की पात्रं भांडतात तेव्हा तुमच्या डोक्यात कुठल्या भाषेत भांडतात. मग ते मराठीत आणताना काय करता, तेलुगू वाक्य देवनागरीत तसंच ठेवता, खाली तळटीप देता, का नुसतं "तो तेलुगूत म्हणाला" असं लिहून मराठी देता. मला स्वतःला तळटीप आवडत नाही, भांडण रंगात आलेलं असताना पानाच्या तळाशी जायचं म्हणजे रसभंग. पुढच्या माणसाच्या उत्तरातून अर्थ कळला पाहिजे. पण आमच्या भागाबाहेरचा वाचक काय म्हणतो ते लेखकच सांगू शकेल, त्याला पत्रं, फोन आलेले असतात.

आणि हे रेकॉर्ड करा बरं का, नुसता मोबाइल टेबलावर ठेवला तरी चालतंय. त्र्यं. वि. सरदेशमुख आपल्या सोलापुरातले, 2003 ला साहित्य अकादमी मिळाली त्यांच्या कादंबरीला. अरण्यावर लिहिणारे मारुती चितमपल्ली सर आपल्या इथलेच, तेलुगू घरातले, 2006 चं साहित्य संमेलन सोलापुरात झालं तेव्हा तेच अध्यक्ष होते, शेवटी परत सोलापुरातच राहायला आले आणि 2025 च्या जूनमधे गेले. त्यांचे सत्कार पुष्कळ झाले. पण समोर बसून, एक पान उघडून, सर हे वाक्य असं का, हे मला विचारायचं होतं आणि आता विचारता येणार नाही. जे आहेत त्यांना तरी विचारून घेऊया.

मुद्रितशोधक

मी गेली बरीच वर्षं मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रूफं, तपासते, कादंबऱ्यांचीही. माझ्या बाजूनं एकच गोष्ट पण ती जरा सविस्तर.

लेखकाला विचारा, संपादन कुणी केलं? बहुतेक लेखक म्हणतील "प्रूफं दोनदा पाहिली". प्रूफ पाहणं म्हणजे संपादन नव्हे. मी ऱ्हस्वदीर्घ बघते, गळलेला शब्द बघते, नवव्या प्रकरणात वारलेला काका अकराव्यात चहा पीत असेल तर खूण करते. पण पहिली तीन प्रकरणं नकोतच, गोष्ट चौथ्यापासून सुरू होते, हे सांगणारा संपादक मराठीत फार थोड्या ठिकाणी असतो. मग ते काम कुणीतरी मित्र, एखादे सर, बायको, नवरा करत असतात आणि त्यांचं नाव ऋणनिर्देशात एका ओळीत येतं. त्या माणसाबद्दल विचारा. त्यानं काय सांगितलं, लेखकाला राग आला का, किती दिवसांनी पटलं. जमलं तर त्यालाही बोलवा.

पूर्वभाग यांच्या बोलण्याला जोडून. शुद्धलेखनाचे 1962 चे चौदा नियम आणि 1972 ला आलेले चार, त्यांच्या धाकानं नवे लेखक पात्रांची बोलीसुद्धा "शुद्ध" करून आणतात. कशाला? पात्राच्या तोंडची भाषा त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहायला नियमांतच मोकळीक आहे. फक्त सुसंगती ठेवा. "करायलाय" एकदा ठरवलं की सगळीकडं "करायलाय", पुढच्या पानावर त्याच माणसाच्या तोंडी "करत आहे" आलं की मला कळत नाही चूक कुठली आणि मुद्दाम केलेलं कुठलं. सोबत एक कागद जोडला, या पात्राची भाषा अशी अशी आहे, हात लावू नये, तर आमच्यासारख्यांवर उपकार होतात.

अजून एक. फोनवर किंवा युनिकोडमधे टाइप केलेली फाइल डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर पानं लावणारे, कित्येकदा जुन्या फाँटमधे बदलून घेतात आणि त्या बदलात जोडाक्षरं, रफार, अर्धा र अशा जागा मोडतात. लेखकाची फाइल बिनचूक असली तरी छापील पानावर चुका येतात. म्हणून शेवटचं प्रूफ लेखकानं कागदावर, ओळीखाली पट्टी धरून वाचायचं. ज्याचं पुस्तक नुकतंच आलंय त्याला विचारा, तो यावर अर्धा तास बोलेल आणि तो अर्धा तास तुमच्या दोघांच्या फार कामाचा असेल.

काळाकोट

वकिली करतो, वाचक आहे. कराराबद्दल कुणीच विचारत नाही म्हणून लिहितोय. लेखकाला विचारा की लेखी करार झाला होता का आणि तुम्ही तो पूर्ण वाचला होता का. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 19 आहे ते प्रत्येक लिहिणाऱ्यानं एकदा वाचावं. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी, कुठले हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी, रॉयल्टी किती, हे सगळं त्यात पाहिजे. मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. आणि हक्क घेऊन प्रकाशकानं एक वर्षात त्यांचा वापरच केला नाही तर, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, ते हक्क परत लेखकाकडं येतात. कितीतरी जणांची हस्तलिखितं "पुढच्या वर्षी काढू" म्हणून पडून असतात त्यांना हे माहीत नसतं. सही करताना ऑडिओबुक, ईबुक, अनुवाद, सिनेमा हे सगळं एका ओळीत "सर्व हक्क" म्हणून देऊन टाकू नका, वेगवेगळं लिहून घ्या.

कॉपीराइट लेखन झाल्याबरोबर तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही, केली तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. आणि पैसे घेऊन पुस्तक काढून देणारे जे पॅकेज सांगतात त्यात आयएसबीएनचे (पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे) म्हणून वेगळे पैसे लावलेले दिसले तर विचारा कशाचे, कारण तो नंबर दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो. स्वतःच्या पैशानं पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही, पण कशाचे किती देतोय ते कळलं पाहिजे. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, जाहिरात आली की हस्तलिखित पाठवायचं. त्यातून पुस्तक निघालेला कुणी लेखक तुमच्या जिल्ह्यात नक्की सापडेल, त्यालाच पहिल्यांदा बोलवा.

चाटीगल्लीवाचक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ग्रुपमधे वाचून दाखवलं. गिरणीवाल्या दादांनी तेलुगू संवादाचा भाग तिथंच वाचला, तळटीप न देता, आणि ज्यांना तेलुगू येत नाही त्यांनाही भांडण कशावरून आहे ते कळलं, फक्त एका ठिकाणी अडलं. मार्शल लॉवाल्या ताई म्हणाल्या की हुतात्म्यांच्या तोंडचे संवाद त्या पुन्हा बघणार.

पहिल्या गप्पांना नवलेखक अनुदानातून कादंबरी आलेल्या एका लेखिकेशी बोलणं झालंय, त्या पहिल्या खर्ड्याची वही घेऊन येणार आहेत. पैशाचं आणि कराराचं विचारू का असं आधीच फोनवर विचारलं तर म्हणाल्या, विचारा की, मीही तेव्हा कुणाला तरी विचारायला बघत होते. आता एकच राहिलं, त्यांना मानधन काय द्यावं? आमच्याकडं फार पैसे नाहीत.

अकराशेप्रती

येण्याजाण्याचं भाडं आधी द्या, ते मागायला लेखकाला फार अवघड जातं. शाल, नारळ, हार, स्मृतिचिन्ह यावर जो खर्च करणार होता त्या पैशात त्या लेखिकेच्या पुस्तकाच्या प्रती घ्या आणि शहरातल्या दोन-चार वाचनालयांना द्या. चादर द्यायचीच असेल तर द्या, सोलापुरात आल्यावर चादर घ्यायला कुणीही नाही म्हणणार नाही. आणि पुस्तक सगळ्यांनी वाचून या, निदान निम्म्यांनी तरी. तारीख इथं टाका, मी येतो.

पूर्वभाग

मीपण येतो. आणि दादांना सांगा, ते जिथं अडलं ते वाक्य मला पाठवा, घरी मोठ्यांना विचारून सांगतो.