मदत हवी आहे: उतरवलेल्या देवळाचे कोरीव खांब, गणेशपट्टी आणि वीरगळ कसे जपायचे?

नमस्कार मंडळी. आमचं गाव कुडाळ तालुक्यातलं. ग्रामदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार चालू आहे. कलाकर्षण (मूर्तीतलं देवत्व तात्पुरतं काढून घेण्याचा विधी) होऊन देव पत्र्याच्या शेडमध्ये गेलेत आणि जुना सभामंडप पूर्ण उतरवलाय. नवं देऊळ स्लॅबचं होणार. पाडायला हवं होतं की नको, हा वाद गावात पोटभर झालाय, तो इथे नको. प्रश्न उरलेल्या सामानाचा आहे.

फणसाचे सुरूदार (सुरूच्या झाडासारखे निमुळते) खांब, त्यांच्यावरचे कोरीव हस्त (तुळईला आधार देणारे लाकडी हात), लाकडात कोरलेली केळफुलं, गाभाऱ्याच्या दाराची सागवानी चौकट गणेशपट्टीसकट (गणपती कोरलेली वरची आडवी पट्टी), खांबांखालचे काळे तळखडे (बैठकीचे दगड). शिवाय नवा चौथरा खणताना दोन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, निघाले. एकावर खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, सगळं स्पष्ट दिसतं. हे सारं शाळेमागे ताडपत्रीखाली ढीग करून ठेवलंय. लाकडावर ऑइल पेंटचे इतके थर आहेत की नक्षीतली पानं आणि मोर एकच वाटतात. कोणत्या जत्रेला कोणी पिवळा रंग काढला देव जाणे!

मुंबईकर मंडळी म्हणतात, लिलाव करा, पैसे बांधकामाला येतील. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी फोटो काढून गेलाही. म्हातारी माणसं म्हणतात, देवाचं लाकूड घरात नको, विकायलाही नको, नदीत सोडा. गुरवकाका कौल लावणार आहेत. देव द्यायचा तो कौल देईलच, पण त्याआधी कमिटीपुढे तिसरा पर्याय मांडायचाय: चौकट नव्या गाभाऱ्याला आणि खांब बाजूच्या पडवीत. इंजिनियर म्हणतो, खांब काँक्रीटमध्ये रोवून टाकू. हे बरोबर आहे का? रंग कसा काढायचा? आणि पाऊस तोंडावर आलाय, तोवर काय करू?

प्रतिसाद १
आधी ती ताडपत्री काढा. आत घाम धरून बुरशी येते आणि वाळवीला आयतं घर मिळतं. छपराखाली, जमिनीपासून हातभर उंच चिऱ्यांवर आडवं ठेवा, प्रत्येक थरात पट्ट्या घाला, वारा खेळला पाहिजे. कुठला खांब कुठल्या तळखड्यावर होता, कुठली कूस (लाकडाचं पुढे आलेलं टोक) कुठल्या सालीत (त्यासाठीच्या खाचेत) बसत होती, हे जुन्या सुताराला किंवा गुरवाला विचारून आजच नंबर टाका. पत्र्याचे बिल्ले तारेने बांधा, खिळा मारू नका. ही माहिती माणसांच्या डोक्यात आहे तोवरच मिळेल.

काँक्रीटमध्ये रोवणं साफ चूक. काँक्रीटमधली ओल लाकूड शोषून घेतं आणि बुडखा कुजतो. तळखडा असतोच त्यासाठी. भार स्लॅबच्या कॉलमवर राहू दे, खांब तळखड्यावर नुसते उभे करा आणि वरून धरा. बुडखा आधीच पोकळ असेल तर तेवढाच भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा जोड द्या.

रंगाला घाई नको. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका, जाळू तर मुळीच नका. कॉस्टिक सोडा नक्षीची धार खातो. पेंट रिमूव्हर लावून लाकडी किंवा बांबूच्या पट्टीने, एका कोपऱ्यावर करून बघा. लाकडातून पीठ पडत असेल तर भुंगा (लाकूड पोखरणारा किडा) आहे. उघड्या लाकडाला बोरिक आणि बोरॅक्सचं पाणी द्या. ते पावसात धुऊन जातं, म्हणून छपराखालीच. वर चकचकीत व्हार्निश नको.

प्रतिसाद २
वीरगळांचं वेगळं आहे. जमिनीतून निघालेली 10 रुपयांवरच्या किमतीची वस्तू 1878 च्या निखात निधी कायद्यात येते, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या, एक प्रत राज्य पुरातत्त्व खात्याच्या रत्नागिरी कार्यालयाला. शेंदूर लावू नका, ॲसिडने धुऊ नका. दोन्ही दगड जिथे निघाले ती जागा फोटोत घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून.

लाकूडकाम शंभर वर्षांहून जुनं असेल तर 1972 चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. तो माल परदेशी नेता येत नाही आणि व्यापाऱ्याला परवाना लागतो. फोटो काढून गेलेल्या गृहस्थांना एकदा परवाना दाखवा म्हणा, पुन्हा येतात का बघा. देवस्थान नोंदणीकृत न्यास असेल तर धर्मादाय कार्यालयाला विचारल्याशिवाय लिलावाचा ठराव करू नका.

प्रतिसाद ३
पुण्याच्या केळकर संग्रहालयात कोथरूडचा मस्तानी महाल आणून उभा केलाय, तो कमिटीतल्या पुण्याच्या कोणाला तरी बघायला पाठवा. पण संग्रहालयाला देऊन मोकळं होणं शेवटचा उपाय ठेवा. पडवीची कल्पना जास्त चांगली आहे.

धागाकर्ता
आभार. ताडपत्री उद्याच काढतो. शाळेचा व्हरांडा मे महिनाभर मोकळा आहे, जूनमध्ये मुलं येतील. कुडाळ, सावंतवाडी भागात कूस-सालीचं जुनं काम करणारा सुतार कोणाच्या माहितीत आहे का? व्यक्तिगत निरोपात कळवा. आणि पडवीचा साधा नकाशा कोणी काढून देईल का? बैठकीत तोंडी सांगितलं की कोणी ऐकत नाही, कागद ठेवला की ऐकतात.