'अन्नसंशोधन म्हणजे गोळ्या खपवायचा धंदा' म्हणे!

सूक्ष्मदर्शी
काल रानवारा यांनी ठोकून दिलं, की अन्नातल्या बायोअ‍ॅक्टिव्ह (म्हणजे शरीरावर परिणाम करणाऱ्या) घटकांवरचं संशोधन फक्त पोषणाच्या गोळ्या खपवायला चालतं, अ‍ॅलर्जी हे आजकालचं खूळ आहे आणि निसर्गानं दिलेलं अन्न मुळात निर्धोकच असतं. प्रतिसाद लिहायला बसलो, तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

निर्धोक? राजम्याचे चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी उलट्या सुरू होऊ शकतात. त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन खळखळ उकळल्यावर मरतं. उकळीपर्यंत न जाणाऱ्या मंद आचेवर ठेवलात तर कच्च्याहून वाईट. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले ते बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष सापडलं ते त्यातून. बुरशीही नैसर्गिकच होती, आणि हे विष स्वयंपाकाच्या आचेला दाद देत नाही.

राहिल्या गोळ्या. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आला: बीटा-कॅरोटीन (गाजरासारख्या भाज्यांतला केशरी घटक) गोळीतून घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. गोळीचं पितळ उघडं पाडलं ते संशोधनानंच.

रानवारा
वा! म्हणजे गोळी घातक निघाली. मी वेगळं काय म्हणत होतो? आधी भाज्या खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो म्हणून आनंदानं नाचलात, मग त्यातला एक रेणू उपटून गोळीत भरलात. आणि ते ओरॅकचे, म्हणजे पदार्थाची अँटिऑक्सिडंट ताकद दाखवणारे आकडे? काचनळीत मोजायचे नि डब्यावर मिरवायचे. अमेरिकेच्या कृषी खात्याला २०१२ मध्ये तो तक्ता काढून टाकावा लागला. तक्ता केला कोणी? तुमच्याच लोकांनी.

सूक्ष्मदर्शी
ओरॅकचं मान्य. काचनळीत जे घडतं ते आतड्यातून रक्तात उतरतंच असं नाही. बरेचसे पॉलिफेनॉल (चहा-फळांतले असेच अँटिऑक्सिडंट घटक) जेमतेम शोषले जातात, आणि जे जातात त्यांचं यकृत लगेच रूपांतर करून टाकतं. पण हे कळलं कशानं? ध्यान लावून नव्हे.

लेबलवाचक
तुम्ही दोघं रेणू मोजत बसा. 'खूळ' शब्द वाचून माझं डोकं फिरलंय. माझा मुलगा चार वर्षांचा असताना एका बिस्किटानं त्याचे ओठ सुजले, घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. पुड्यावर शेंगदाण्याचा उल्लेख नाही. कंपनीला पत्र लिहिलं तर उत्तर आलं, 'अंश असू शकतो' ही सूचना ऐच्छिक आहे. ऐच्छिक!

पाळीतला_माणूस
अवांतर होतंय, पण या सूचनेबद्दल बोलायलाच हवं. अकरा वर्षं कारखान्यात गुणवत्ता विभागात काढली. ती ओळ प्रयोगशाळा लिहीत नाही हो, वकील लिहितो. मोजमाप कित्येकदा झालेलंच नसतं. कोरड्या मालाच्या लाइनवर पाणी मारता येत नाही, आधीच्या मालाचे कण काढायला ब्रश नि व्हॅक्यूमवर भागवायचं. वर एलायझा किटला (प्रथिनाचा अंश शोधणाऱ्या चाचणीला) भाजलेल्या दाण्याचं प्रथिन नीट ओळखता येत नाही, कारण उष्णतेनं त्याचा आकार बिघडलेला असतो. किट म्हणतं 'नाही', रुग्णाचं शरीर मात्र ते ओळखतं.

२०२१ मध्ये एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) आणि डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) तज्ज्ञांनी २ मिलिग्रॅम शेंगदाणा-प्रथिन ही संदर्भमात्रा सुचवली. मालातला अंश तिच्यावर गेला तरच सूचना छापा, म्हणजे तिला अर्थ राहील. सरसकट छापली की लोक वाचणंच सोडतात.

लेबलवाचक
ही मात्रा म्हणजे अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी फार तर पाच टक्क्यांना त्रास होईल अशी, बरोबर ना? माझा मुलगा त्या पाचांत असला तर?

पाळीतला_माणूस
त्या पाचांतही बहुतेकांची रिअ‍ॅक्शन सौम्य असते. शून्य कुठलाच कारखाना देऊ शकत नाही. कटू आहे, पण खरं सांगतोय.

लेबलवाचक
'बहुतेकांची.' रात्रभर ऑक्सिजन लावलेलं पोर तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून हा शब्द सहज लिहिता.

रानवारा
ताई, 'खूळ' शब्द मागे घेतो. पण आमच्या लहानपणी वर्गात एकालाही हे नव्हतं. अति जपण्यानं झालंय हे सगळं.

सूक्ष्मदर्शी
वर्गात नव्हतं की कळलं नव्हतं? तरीही, नाइलाजानं, एक मुद्दा तुमच्या पदरात टाकतो. २००० मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं, जोखमीच्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. २००८ मध्ये तो सल्ला गुंडाळला. २०१५ साली बाळांना शेंगदाणा लवकर खाऊ घालून पाहणाऱ्या लंडनच्या लीप चाचणीचे निकाल आले. तीव्र एक्झिमा (खाजरा त्वचारोग) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० बाळं. टाळणाऱ्यांत पाचव्या वर्षी सुमारे १७ टक्क्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, लवकर खाणाऱ्यांत ३ टक्क्यांना. (कोणी वाचून घरच्या घरी प्रयोग करू नका, आधी डॉक्टर.)

लेबलवाचक
माझा मुलगा २००७ चा. अंगभर एक्झिमा होता. टाळा म्हणाले, टाळलं. एक कण घरात येऊ दिला नाही. आता तुम्ही मला टक्केवारी सांगताय.

सूक्ष्मदर्शी
तुमचं काही चुकलं असं मी म्हटलेलं नाही. एका मुलाबाबत त्यावरून काहीच ठरत नाही.

लेबलवाचक
मग आकडे कशाला फेकता?

पाळीतला_माणूस
त्या आकड्यांमुळे पुढच्या बाळांचा सल्ला बदलला, ताई.

लेबलवाचक
बदलला. बरं झालं. मी पुडे वाचत बसते.

रानवारा
राजमा आता उकळी फुटल्यावर दहा मिनिटं ठेवीन, सूक्ष्मदर्शी, खूश? गोळ्यांबद्दलचं मत आहे तेच आहे.