सभेच्या नोटिशीत ‘भीती शमवणे’ बसते का?

सेक्टरवासी

वाशीतील आमची संस्था सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतींपैकी आहे. पुनर्विकासासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवायची असून नोटिशीच्या मसुद्यातील एका वाक्यावरून कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. वाक्य असे: ‘सभासदांच्या मनातील भीती शमवण्यासाठी विकासक व वास्तुविशारद सभेस उपस्थित राहतील.’

माझा आक्षेप ‘शमवणे’ या क्रियापदाला आहे. मराठीत राग शमतो, वादळ शमते, बंड शमते. या प्रत्येक ठिकाणी उसळलेला जोर ओसरला एवढेच सांगितलेले असते, तो कशामुळे उसळला याची दखल त्या क्रियापदात नसते. शिवाय ‘बंड शमवले’ या प्रयोगाला दडपल्याची छटा आहेच. घर रिकामे करून द्यायचे आणि नवे कधी मिळेल ते ठाऊक नाही, अशा माणसाची भीती शमवायची म्हणजे त्याला गप्प बसवायचे, असा अर्थ कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही. म्हणून ‘शंकांचे निरसन करण्यासाठी’ असे लिहावे, असे माझे म्हणणे आहे.

मुद्रितशोधक

आपण सोयीची उदाहरणे घेतलीत आणि सर्वांत रुळलेले उदाहरण गाळलेत. तहान शमते ती पाण्याने, पाण्याविषयीच्या भाषणाने नव्हे. जिज्ञासाही माहिती मिळाल्यावरच शमते. म्हणजे हवी ती वस्तू मिळाल्यामुळे आलेली शांतताही याच क्रियापदात आहे आणि दडपशाहीचा आरोप त्यावर सरसकट करता येत नाही. भीतीला मराठीत ‘घालवणे’, ‘मोडणे’, ‘दूर करणे’ ही क्रियापदे अधिक सहज लागतात, हे मात्र मान्य.

माझी हरकत ‘निरसन’ला जास्त आहे. निरसन गैरसमजाचे होते आणि शंकेचे होते. सभासदाच्या भीतीला शंकेच्या खात्यात टाकले की उत्तर देणाऱ्याचे काम हलके होते, कारण शंका माहितीच्या अभावातून आलेली असते आणि माहिती दिली की जबाबदारी संपते, असे गृहीत धरता येते. पुनर्विकासाची भीती अशी नसते. सगळी माहिती असूनही, किंबहुना ती आहे म्हणूनच, माणूस घाबरतो. अर्धवट बांधकामांचे सांगाडे ठाणे, नवी मुंबईत लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहेत. त्या भीतीचे निरसन कसले करणार?

कोपरीकर

आमच्या ठाण्यातील संस्थेत हा प्रकार होऊन गेला आहे. सल्लागार महाशय प्रत्येक प्रश्नाला ‘काळजी करू नका, आम्ही आहोत’ असे उत्तर देत होते. एका ज्येष्ठ सभासद बाईंचा प्रश्न एवढाच होता की, पर्यायी घराचे भाडे थकले तर ते कोणाकडे मागायचे. तिसऱ्यांदा ‘काळजी करू नका’ ऐकल्यावर त्यांनी करारनाम्याचा मसुदा समोर धरला आणि ते कलम मोठ्याने वाचायला सांगितले. त्यात बँक हमीचा उल्लेखच नव्हता. पुढच्या मसुद्यात तो आला आणि मगच त्या म्हणाल्या, ‘आता शंका फिटली.’

माझे मत याच क्रियापदाला. शंका फिटते ती विचारणाऱ्याची, आणि ती फिटली की नाही हे सांगण्याचा अधिकारही त्याचाच. ‘निरसन करण्यात आले’ हे मात्र उत्तर देणाऱ्यालाच परस्पर लिहून टाकता येते, समोरचा माणूस मान हलवो वा न हलवो.

सेक्टरवासी

‘फिटणे’ सुंदर आहे, परंतु नोटिशीत ‘शंका फिटण्यासाठी विकासक उपस्थित राहतील’ हे कानाला खटकते. ‘फेडणे’ घ्यावे तर ते आज कर्ज, नवस, उपकार अशांपुरते उरले आहे.

नियमबोट

आपण सर्व जण क्रियापदाकडून फार अपेक्षा करीत आहात. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79 (अ) खाली शासनाने 4 जुलै 2019 रोजी काढलेल्या निर्देशांत विकासक निवडीच्या सभेचे चित्रीकरण करण्यास सांगितले आहे. कोणी काय विचारले आणि कोणी काय उत्तर दिले, ते त्यात राहतेच. नोटिशीने सभेचा विषय, तारीख, वेळ, स्थळ सांगावे. सभासदाच्या मनात काय आहे, हे संस्थेने स्वतःच ठरवून छापावेच कशाला? शमवणे, निरसन, आश्वस्त करणे ही सगळीच क्रियापदे सभा होण्याआधी तिचा निकाल जाहीर करतात. (‘आश्वस्त’विषयी तर बोलायलाच नको, निवडणुकांतील आश्वासनांनी त्या शब्दाची पुरती वाट लावली आहे.) सरळ लिहा: ‘सभासदांना विकासक व वास्तुविशारद यांना प्रश्न विचारता येतील आणि प्रश्नोत्तरांची नोंद इतिवृत्तात घेतली जाईल.’

कोपरीकर

हे वाक्य पटले. त्यात कोणीही कोणाची समजूत काढीत नाही.

मुद्रितशोधक

मला निम्मेच पटले. वाक्य निर्दोष आहे, पण ते वाचून प्रश्न विचारायला तेच उठतील, ज्यांना सभेत उभे राहून बोलण्याची सवय आहे. भीड न चेपलेली माणसे प्रश्न घेऊन येत नाहीत, धास्ती घेऊन येतात आणि मागच्या खुर्चीवर बसून परत जातात. नोटिशीत ‘भीती’ हा शब्द असेल, तर आपण घाबरलो आहोत हे कमिटीला ठाऊक आहे, एवढे तरी त्यांना कळेल. तेव्हा क्रियापद हवे तर गाळा, नाम ठेवा: ‘सभासदांनी आपली भीती व शंका मोकळेपणाने मांडाव्यात.’

नियमबोट

‘भीती मांडावी’ अशी लेखी सूचना वाचून कोणता विकासक सभेला येईल?

मुद्रितशोधक

एवढ्याने जो येणार नाही, त्याच्या हाती घराच्या किल्ल्या देऊ नयेत.